ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरामुळे वातावरणात मोठ्या लाटा उठतात का? आणि पर्वतांमुळे उठणाऱ्या लाटा ‘अस्थिर’ होतात म्हणजे नेमकं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. पारसिकचा रेल्वे बोगदा साधारण 1.3 किलोमीटरचा, म्हणजे डोंगराचा पसाराही तिथे तेवढाच. कळव्याच्या बाजूने ताशी 20 किलोमीटरने चढलेला वारा चार मिनिटांत मुंब्र्याकडे उतरतो. तेवढ्यात पृथ्वी फिरतेय याची त्याला खबरही लागत नाही. ढग, पाऊस, वाऱ्याचे झोत यांत डोंगराचा हात असतो, पण तुम्ही विचारताय त्या लाटा वेगळ्याच जातीच्या.

तिबेटचं पठार पूर्व-पश्चिम सुमारे 2,500 किलोमीटर आणि सरासरी 4,500 मीटर उंच. ताशी 54 किलोमीटरच्या पश्चिमी वाऱ्याला तेवढं अंतर कापायला दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांत पृथ्वीचं फिरणं चांगलंच जाणवतं. पर्वतावर चढणारा हवेचा स्तंभ खालून दाबला जातो, आडवा पसरतो, त्याची गिरकी मंदावते आणि तो दक्षिणेकडे वळतो. दक्षिणेला पृथ्वीच्या गिरकीचा वाटा कमी, म्हणून तिथे त्याची स्वतःची गिरकी वाढते आणि तो परत उत्तरेकडे फिरतो. पण थांबायच्या जागी थांबत नाही, पुढे जातो, पुन्हा वळतो. झाली लाट. रॉकी पर्वतांच्या पुढेही हेच होतं. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी 1939 मध्ये अशा लाटांचं गणित मांडलं, म्हणून त्या रॉस्बी लाटा.

या लाटा वाऱ्याच्या तुलनेत पश्चिमेकडे सरकतात, आणि लाट जितकी लांब तितकी जोरात. वारा तिला पूर्वेला नेतो, ती पश्चिमेला ओढते. 45 अंश अक्षांशावर ताशी 54 किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे 6,000 किलोमीटर लांबीच्या लाटेची ही ओढाताण बरोबरीत सुटते आणि ती जमिनीच्या तुलनेत जागेवर उभी राहते. पर्वतही जागचा हलत नाही. त्यामुळे तो तिला दर वेळी एकाच ठिकाणी ढकलतो आणि ती फुगत जाते. हा अनुनाद.

आता अस्थिरतेकडे येतो, खरी गंमत इथेच आहे. लाट मोठी असली की पर्वताच्या पश्चिम उतारावर दाब जास्त आणि पूर्व उतारावर कमी राहतो. म्हणजे पर्वत वाऱ्याला मागे रेटतो. समजा, वारा अनुनादाच्या वेगापेक्षा थोडा जास्त आहे आणि काही कारणाने किंचित मंदावला. तो अनुनादाच्या जवळ आला, लाट फुगली, रेटा वाढला, वारा आणखी मंदावला, लाट आणखी फुगली. सुरुवातीचा छोटासा फरक स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. अस्थिरता म्हणतात ती हीच.

ज्यूल चार्नी आणि जॉन डिव्होर यांनी 1979 मध्ये साध्या गणितातून दाखवलं की बाहेरून मिळणारी ऊर्जा तीच असताना वातावरण दोन अवस्थांत टिकू शकतं: जोरदार सरळ वारा आणि छोटी लाट, किंवा मंद वारा आणि प्रचंड लाट. मधली अवस्था गणितात असते, पण टिकत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखपाशी तेवढ्याच गाड्या कधी सुरळीत धावतात, कधी तासभर अडकतात, तसंच काहीसं. दुसऱ्या अवस्थेला त्यांनी ब्लॉकिंगशी जोडलं, म्हणजे उच्च दाबाचं क्षेत्र एका जागी ठाण मांडून बसणं. माझं मत विचाराल तर या मॉडेलचं महत्त्व हा विचार मांडण्यात आहे. खऱ्या वातावरणात वादळं, समुद्राचं तापमान, जमिनीची उष्णता हे सगळं मिसळलेलं असतं, आणि इतक्या स्वच्छ दोन अवस्था तिथे दिसतात का यावर बराच वाद झाला आहे.

ब्लॉकिंगचा दणका मात्र खरा असतो. 2010 च्या उन्हाळ्यात रशियावर असंच उच्च दाबाचं क्षेत्र कित्येक आठवडे बसून होतं. 29 जुलैला मॉस्कोत 38.2 अंश तापमान नोंदलं गेलं. त्याच काळात पाकिस्तानात महापूर आला, आणि या दोन्हींचा धागा अभ्यासकांनी एकाच रॉस्बी लाटेशी जोडला आहे.

अंदाज वर्तवणाऱ्यांची पंचाईत यामुळेच होते. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून ते अंदाजाचं एकच संगणकीय मॉडेल अनेकदा चालवतात. ब्लॉकिंग सुरू व्हायच्या किंवा मोडायच्या बेताला काही उत्तरं एकीकडे जातात, काही दुसरीकडे, आणि तेव्हा ‘शक्यता इतके टक्के’ असं सांगणंच प्रामाणिक ठरतं.