पेपरात राहिले, मैत्रिणीचं नाव कमी केलं: दाद कुठं नि कशी मागायची?

तू दोन गोष्टी विचारल्यास. शिवाजी विद्यापीठाच्या बीएस्सीला एका पेपरात तीन गुणांनी राहिलीस, बाकी सगळे विषय सुटले, तर गुण बदलून मिळतील का? आणि हजेरी कमी म्हणून कॉलेजनं तुझ्या मैत्रिणीला परीक्षेला बसू दिलं नाही, वर 'नाव कमी केलंय' असं तोंडीच सांगितलं, तर तिनं थेट कोर्टात जावं का? मी कोल्हापुरात बरीच वर्षं पदवीच्या पोरांना फिजिक्स शिकवलं, कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, बसून गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. त्यामुळं एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस.

आधी तुझं बघू. 'पेपर चांगला गेला होता' हे खरं असेलही, पण त्या वाक्यावर कुणी गुण देत नाही. उत्तरपत्रिकेत बोट ठेवून दाखवता येईल अशी चूक असेल तरच दाद लागते, आणि बोट ठेवायचं तर उत्तरपत्रिका हातात पाहिजे. म्हणून पहिला अर्ज छायाप्रतीचा कर, पुनर्मूल्यांकनाचं नंतर. पोरं रागाच्या भरात थेट पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून मोकळी होतात आणि 'नो चेंज' आलं की विद्यापीठाला शिव्या घालत बसतात. दोन्हीची मुदत निकालानंतर मोजक्याच दिवसांची असते. तारखा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतात. ते स्वतः वाच, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काय टाकलंय त्यावर जाऊ नकोस.

झेरॉक्स हातात आली की लगेच उत्तरं वाचायला घेऊ नकोस. पहिल्या पानावरचा गुणांचा तक्ता समोर ठेव आणि एकेक पान उलटत आतले लाल शाईतले आकडे त्याच्याशी जुळवत जा. आत प्रश्न दोन (क) ला ४ गुण दिलेत आणि बाहेर ती चौकट रिकामीच, असं मी कॅपला पाहिलंय. संध्याकाळ होत आली, गठ्ठा संपवायचाय, चहा गार झालाय, अशा वेळी आकडा आतून बाहेर यायचा राहतो. मग पुरवण्या बघ. बरीच मुलं प्रश्न तीन मुख्य उत्तरपत्रिकेत अर्धा लिहितात, मध्येच पाचवा सोडवतात आणि तिसऱ्याचं उरलेलं पुरवणीच्या मागच्या पानावर उतरवतात, तेही प्रश्न क्रमांक न घालता. परीक्षकाच्या नजरेतून तो तुकडा सहज निसटतो. ज्या पानावर लाल शाईची एकही खूण नाही, बरोबर नाही, चूक नाही, साधी आडवी रेघसुद्धा नाही, ते पान तपासलंच गेलेलं नाही असं धरून चाल. गणितं शेवटी बघ. उत्तर चुकलं पण सूत्र आणि पायऱ्या बरोबर असतील तर काही गुण मिळायला हवे होते का, हे विषयाच्या सरांना दाखवून विचार. सर नुसतं 'टाक की, काय जातंय' म्हणाले तर दुसऱ्या सरांना विचार.

बेरजेची चूक असेल तर गुणपडताळणी, म्हणजे नुसती गुणांची फेरमोजणी, पुरते. उत्तर तपासायचंच राहिलं असेल किंवा गुण फारच कंजुषीनं दिले असतील तर पुनर्मूल्यांकन. छापील अर्जासोबत साधं पत्र जोड आणि त्यात एवढंच लिही: 'प्र. ३ (ब) चे उर्वरित उत्तर पुरवणीच्या दुसऱ्या पानावर असून त्यास गुण दिलेले नाहीत.' घरची परिस्थिती, रात्रीची जागरणं, वडिलांची अपेक्षा यातलं काही नको. पत्र वाचणाऱ्याला सहानुभूती असली तरी तिचा उपयोग करण्याची तरतूद त्याच्याकडं नसते. अर्जाची पोच घे, आवक नंबर आणि शिक्का असलेली. 'ठेवून जा, बघतो' म्हणणारे सगळीकडं असतात, तिथं पोच मिळेपर्यंत हलू नकोस.

पुनर्मूल्यांकनात पेपर दुसऱ्या परीक्षकाकडं जातो, तो तुला ओळखत नाही आणि त्याच्यावर दया दाखवायचं बंधनही नाही. गुण कमी झाले तर कोणते धरायचे, किती फरक पडला तर बदल मान्य करायचा, याचे प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे. पैसे भरण्याआधी तेवढा परिच्छेद वाचून घे.

अंतर्गत गुणांची गोष्ट निराळी. प्रॅक्टिकल, सेमिनार, असाइनमेंटचे गुण कॉलेजातून जातात, त्याला पुनर्मूल्यांकन लागू होत नाही. तिथं विभागप्रमुख, मग प्राचार्य, तेही लेखी. गुण विद्यापीठाला पाठवून झाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे कॉलेजला स्वतःचीच चूक लेखी कबूल करावी लागते, आणि ते किती कॉलेजांना रुचतं हे तूच ओळख.

छायाप्रतीची मुदत हुकली असेल तर माहिती अधिकार आहे. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारात हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानाला २ रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा लागतो, तेव्हा त्यात भाषण लिहू नकोस. उत्तराला ३० दिवस असतात, तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत टळलेली असते. म्हणून हा दुसरा रस्ता, पहिला नव्हे.

आता मैत्रीण. तिनं सगळ्यात आधी तोंडी बोलणं थांबवावं. 'माझ्यावर केलेल्या कारवाईचा लेखी आदेश, त्याचं कारण आणि माझा विषयवार हजेरीचा उतारा द्यावा,' असा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्यावा. लेखी आदेश नसेल तर दाद कशाविरुद्ध मागणार? आणि काढून टाकण्याएवढी मोठी कारवाई करताना आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ते झालं नसेल तर तिची सगळ्यात भक्कम बाजू तीच, हजेरीचे टक्के नंतर.

हजेरीबाबत कोर्टंसुद्धा कडक असतात, हे तिला आधीच सांग. कारण खरं आणि कागदावर असेल तर मात्र सूट मागता येते. आजारपण असेल तर त्या तारखांची दवाखान्याची कागदपत्रं, निकाल लागल्यावर आणलेला दाखला नको. विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल किंवा कुस्तीला गेली असेल तर जिमखान्याचं पत्र. शिरोळकडची असेल आणि महापुरात घर पाण्यात गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत नि तलाठ्याचा दाखला. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्या प्राचार्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही, पण त्यांच्या फाइलला कागद लागतोच.

कॉलेजनं दाद दिली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार ती असणं बंधनकारक आहे. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं. हा लोकपाल म्हणजे लाचखोरी पकडणारा नव्हे. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशा माणसाला त्या पदावर नेमतात आणि संलग्न कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनाही त्याच्याकडं जाता येतं. ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न त्यानं करायचा असतो. पण तुझ्या कामाची अट इथंच आहे: नुसते गुण वाढवून मागणारा अर्ज लोकपाल घेत नाही. निकालावर परिणाम झालेली ठोस अनियमितता किंवा भेदभावाचा ठोस प्रसंग दाखवावा लागतो. खोटी तक्रार केली तर तक्रारदारावरच कारवाईची शिफारस होऊ शकते, तेव्हा सरांवर उगाच आरोप ठोकू नकोस.

कोर्टाचं म्हणशील तर पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, रिट, म्हणजे अशा कारवाईविरुद्ध हायकोर्टात करायची याचिका, इथंच दाखल होते. तुझ्या मैत्रिणीला नोटीस न देता काढलं असेल आणि वर सांगितलेले दरवाजे ठोठावून झाले असतील तर वकिलाला भेटायला हरकत नाही. तुला मात्र तीन गुणांसाठी तिकडं जाऊ नको असंच सांगेन. नियमात तरतूद नसताना पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, असं महाराष्ट्राच्याच बोर्डाच्या खटल्यात १९८४ साली ठरलंय. न्यायाधीशांनी स्वतः उत्तरं तपासत बसू नये आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येही सांगितलंय.

विद्यार्थी संघटनेकडं जाऊ का, असंही विचारलंयस. अख्ख्या वर्गाला एकाच पेपरात शून्य पडलं किंवा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे आले तर जरूर जा, तिथं निवेदन आणि गर्दी दोन्ही उपयोगी पडतात. एकटीच्या पेपरासाठी नाही. आणि 'साहेब ओळखीचे आहेत, करून देतो' म्हणणारा भेटलाच तर त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत त्या पेपराचा पुढचा परीक्षा फॉर्म भरून ठेव. निकाल कधी येईल याचा भरवसा नाही, आणि फॉर्मची तारीख तुझ्यासाठी थांबणार नाही. गुण वाढून सुटलीस तर फीचे पैसे गेले समज, पण नाही सुटलीस तर अख्खी सेमिस्टर वाचेल.