इम्प्लांट बसल्यानंतरची काळजी
इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला कृत्रिम दात, बसले की दातांची कटकट संपली, असे आपल्याला वाटत असेल, तर थोडे थांबावे. कृत्रिम दाताला कीड लागत नाही हे खरे. परंतु त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड जिवंतच असते, आणि तिथे साचलेल्या जंतूंच्या थरामुळे सूज येऊन हाड झिजू लागले, तरी बहुधा ठणका लागत नसल्याने बिघाड उशिरा ध्यानात येतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता, ब्रश करताना रक्त येते का, हिरडी लालसर दिसते का, याकडे लक्ष ठेवावे.

पहिले 24 तास जोराने चूळ भरू नये. टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का रुजायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. त्या काळात धूम्रपान अजिबात नको, आणि खरे तर नंतरही नकोच. मऊ ब्रशइतकाच फटींमध्ये फिरवायचा छोटा ब्रश महत्त्वाचा आहे. मात्र त्याची तार प्लास्टिकचे आवरण असलेली घ्यावी, म्हणजे धातूवर ओरखडे पडत नाहीत. कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, किंचित हलल्यासारखी वाटली, तर ती स्वतः दाबून पाहू नये. पुष्कळदा कॅप धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रूच सैल झालेला असतो आणि डॉक्टर तो घट्ट करून देतात. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास नाइटगार्डविषयी, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या संरक्षक आवरणाविषयी, आवर्जून विचारावे.