नागपुरात राहून नवं इंडी संगीत कसं शोधायचं, आणि मित्रांना सुचवलं तर ते ऐकतील कसे?

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाविना, स्वतंत्रपणे केलेलं संगीत. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲप तेच ते पुढे करतं, नागपुरात मोठ्या बँडचे कार्यक्रम फारसे होत नाहीत, आणि हौसेनं लिंक पाठवली तर ग्रुपवर कुणी ऐकत नाही. मी सदरला राहतो. नोकरीचा संगीताशी संबंध नाही, पण हा शोध बरीच वर्षं मनापासून करतोय. माझा अनुभव असा की गाण्यामागे कोण माणसं आहेत हे बघत गेलं की नवी गाणी सापडत जातात, आणि सुचवतानाही समोरचा माणूस कोण आहे हेच बघावं लागतं.

ॲपबद्दल आधी सांगतो. स्पॉटिफायवर दर सोमवारी 'डिस्कव्हर वीकली'ची जी यादी येते ती वाईट नसते, मीही ऐकतो. पण ती बरीचशी तुम्ही काय ऐकलं आणि तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं यावरून बनते. ज्याला आत्ता मोजकेच लोक ऐकतात तो गायक त्यातून तुमच्यापर्यंत पोचणं अवघड. २०२४पासून तर वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला तिथे मानधनही मिळत नाही. त्यामुळे अशा माणसांपर्यंत आपणच जायचं.

त्यासाठी गाण्याची श्रेयनामावली उघडायची सवय लावा. ॲपमध्ये 'क्रेडिट्स' असा पर्याय असतो, बहुतेक लोक तो कधी दाबतच नाहीत. एक साखळी सांगतो. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या मुंबईच्या रॅपरांचं २०१५ सालचं 'मेरे गली में' तुम्ही ऐकलं असेलच. त्याचं संगीत दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या निर्मात्याचं. त्याचं नाव धरून पुढे गेलात की रॅपर प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७) लागतो आणि मग सीधे मौत या रॅप जोडीचा 'बयान' (२०१८). हे दोन्ही अल्बम आझादी रेकॉर्ड्स या छोट्या लेबलचे, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीचे. त्या लेबलची यादी चाळली की मुंबईचा स्वदेशी हा गट भेटतो. त्यात एमसी मवाली चक्क मराठीत रॅप करतो, आणि आरेच्या जंगलावरच्या त्यांच्या गाण्यात प्रकाश भोईर हे आदिवासी गायक गातात. कुर्ल्या-अंधेरीच्या गल्लीतून निघालेलं बोट धरून आपण आरेतल्या पाड्यावर पोचतो. 'तुम्हाला हेही आवडेल' या यादीतून मी तिथे पोचलो असतो असं मला वाटत नाही.

बँडमधली माणसं स्वतंत्रपणे काय करतात तेही बघा. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा गायक सूर्यकांत साहनी 'लिफाफा' या नावानं वेगळं काम करतो. बँडची गाणी इंग्रजीत, तर लिफाफाचा 'जागो' (२०१९) हिंदीत आणि इलेक्ट्रॉनिक बाजाचा. आवाज ओळखीचा आणि मांडणी पूर्ण नवी, हे ऐकायला फार मजा येते.

बँडकॅम्प या संकेतस्थळावर कलाकार आपली गाणी थेट विकतात. तिथे खातं नसेल तर आजच उघडा. तिथे प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. एखाद्या चित्रावर टिचकी मारली की त्या माणसानं आणखी काय काय विकत घेतलंय ते सगळं समोर येतं. फुकट ऐकणं वेगळं आणि स्वतःचे पैसे मोजून घेतलेलं वेगळं, त्यामुळे त्या संग्रहांवर माझा फार विश्वास आहे. शिवाय अल्बमला शहराचं नाव जोडलेलं असतं, त्यावरूनही शोधता येतं. इम्फाळ, शिलाँग, कोची असं एकेक शहर घेऊन एखादा रविवार घालवून बघा.

नागपुरात काही होत नाही, हे मात्र मला पटत नाही. मोठ्या कंपनीच्या पैशाविना गाणी करणारे लोक इथे नवे नाहीत. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांबरोबर भीमगीतांची दुकानंही लागतात. पूर्वी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी रेडिओ किंवा सिनेमा यांच्या भरवशावर गावोगाव गेली नाहीत. गायन पार्ट्यांनी आणि अशा दुकानांनी ती नेली. तुम्ही इंडी शोधत असाल तर तिथे दोन तास काढा आणि दुकानदाराला विचारा की यंदा नवीन कोण गातंय. जातीविरोधी गाणी करणारा चेन्नईचा द कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड मग ऐकला की तो परका वाटत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांकडेही लक्ष ठेवा, आणि दंडार, खडी गंमत या विदर्भातल्या लोककला कुठे दिसल्या तर थांबा. कॉलेजांच्या महोत्सवांत रात्रीच्या मोठ्या पाहुण्यापेक्षा दुपारची बँड स्पर्धा बघावी. तिथली पोरं स्वतःची गाणी करतात, आणि गाणं संपल्यावर जाऊन बोललात तर ते कुणाला ऐकतात तेही सांगतात.

आता सुचवण्याबद्दल. चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट ग्रुपवर टाकू नका. कुणीच उघडत नाही, आणि त्यात चूक त्यांची नाही. मित्राचं उत्तर येतं, "काय पाठवून राहिला बे इतकं?" एका माणसाला एकच गाणं पाठवा, आणि त्याच्यासाठीच का निवडलं ते एका ओळीत लिहा. माझ्या काकांना तलत महमूद आणि हेमंतकुमार प्रिय. त्यांना मी पीटर कॅटचं एक संथ गाणं ऐकवलं आणि एवढंच म्हटलं की शब्द सोडा, फक्त आवाज ऐका. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हा पोरगा कुठला आहे? आवाज जुना वाटून राहिला." दुसरं गाणं त्यांनीच मागितलं. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मित्राला मात्र हेच गाणं पाठवलं असतं तर वाया गेलं असतं. त्याच्याशी तालावरूनच बोलायला हवं.

कुठे कान द्यायचा तेही सांगा. "पहिलं मिनिट शांत आहे, नंतर ढोलकी येते तोवर थांब" असं सांगितलं की माणूस थांबतो. "अरे, तू हे ऐकलंच नाहीस?" असं कधी म्हणू नका, समोरच्याचा उत्साह तिथेच मरतो. आणि पूर्ण अल्बम ऐकवायचा असेल तर रामटेकला जाताना गाडीत लावा. तासाभराचा रस्ता असतो, अल्बम आरामात बसतो, आणि कुणाचं लक्ष मोबाइलमध्ये नसतं. परतताना गाणी त्यांना निवडू द्या. मला कितीतरी चांगली नावं या परतीच्या रस्त्यावर मिळाली आहेत.

गाणं मनापासून आवडलं तर विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून पंधरा टक्के कापतं. २०२०पासून 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून ठरावीक शुक्रवार असतात, त्या दिवशी ते आपला हा वाटाही सोडतं. मी मोठी खरेदी त्याच दिवसासाठी राखून ठेवतो.

तुम्हाला सध्या आवडणारं एक गाणं आणि त्यातलं नेमकं काय आवडतं (आवाज, शब्द, ताल, काहीही) ते खाली लिहा. त्यावरून पुढची दोन नावं मी नक्की सुचवेन.