व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे जाऊ दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे फोटो बघितले. एकात ४० वॅटचा गिटारचा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी), एकात २०, एकात ५, आणि सगळ्यांच्या खाली तुझं वाक्य: "काका, डोकं चालेनासं झालंय, तुम्हीच सांगा." बँडमधली पोरं म्हणतात पुण्यातला तो फेंडर कंपनीचा सेकंडहँड ॲम्प सोडू नकोस, एवढ्या पैशात परत मिळणार नाही. दुकानदार म्हणतो मोठाच घ्या, नंतर बदलायला नको. तुझा दादा म्हणतो ट्यूबच्या, म्हणजे काचेचे जुने व्हॉल्व्ह असलेल्या ॲम्पच्या, नादाला लागूच नकोस. दादाच्या मुद्द्यावर मी काही लिहीत नाही. माझ्या खोलीतल्या जुन्या ॲम्पला तू गिटार लावलीस आणि जेवायची वेळ विसरलीस, तेव्हाच ते ठरलं. आता फक्त कोणता, एवढं बघायचं आहे.

माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि ती मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. जिथे तू रोज वाजवणार आहेस, तिथे त्या ॲम्पचा व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेता येतो का? येत असेल तर तो तुझा. नसेल तर कितीही स्वस्त असो, कुणीही वापरलेला असो, त्याला हात लावू नकोस.

पुण्यातला ॲम्प हॉट रॉड डिलक्स आहे. दोन ६एल६ जातीचे व्हॉल्व्ह, बारा इंची स्पीकर, ४० वॅट. चांगली वस्तू आहे. स्वच्छ आवाज हवा, पुढे पेडल (पायाने दाबायची, आवाज बदलणारी डबी) लावायची आणि मोठ्या हॉलमध्ये वाजवायचं, अशा माणसाने खुशाल घ्यावा. पण त्याचं व्हॉल्यूमचं बटण दोनवर गेलं की खोली भरते, तीनवर शेजारी दार वाजवतात. तुझं घर मी पाहिलं आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या मागची गल्ली, भिंतीला भिंत, खाली तुमचा मागांचा कारखाना, वर दोन खोल्या. माग चालू असताना तुझी तक्रार कुणी करणार नाही, पण तेव्हा तुला तुझंच वाजवणं ऐकू येणार नाही. माग थांबल्यावर गल्लीत जी शांतता होते, त्यात तू तो ॲम्प दीडवर ठेवून वाजवणार. म्हणजे चाळीस वॅटचे पैसे देऊन अर्धा वॅटही वापरणार नाहीस.

"मग मास्टर व्हॉल्यूम आहे ना, शेवटचा आवाज त्या बटणाने कमी करता येतो," असं तू म्हणशील. सगळे तेच म्हणतात आणि माझं डोकं तिथेच तापतं. नीट समजून घे. ॲम्पमध्ये दोन टप्पे असतात. आधी छोटे व्हॉल्व्ह, ईसीसी८३. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. ते गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतात. मग पॉवर व्हॉल्व्ह, ईएल८४ किंवा ईएल३४ किंवा ६व्ही६, जे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर ढकलतात. गेन (पहिल्या टप्प्याचा जोर) वाढवून मास्टर खाली ठेवलास की फक्त पहिल्या टप्प्यात आवाज फाटतो. तो आवाज दाट असतो, वाईट नसतो, पण एकाच पातळीचा, सपाट. पॉवर व्हॉल्व्हवर ताण आला की स्वराचं टोक गोल होतं, ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरत येतो, जोरात कॉर्ड मारली की आतला व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि परत वर येतो. रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) हाही व्हॉल्व्हचा असेल तर हे जास्तच जाणवतं. स्पीकरचा कागद स्वतः काम करायला लागतो. मग बोट हलकं ठेवलं की स्वच्छ, दाबून मारलं की फाटलेला. गिटारचं बटण थोडं मागे घेतलं की परत स्वच्छ. रॉकची गिटार याच्यावरच उभी आहे. भर घालायची तर आपला कानही कमी आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो, म्हणून दीडवर ठेवलेला मोठा ॲम्प आणखीच निर्जीव वाटतो.

गड्ड्याच्या यात्रेत हलगीवाले आधी हलगी शेकून घेतात आणि मग अंगातला जोर काढून वाजवतात. थंड हलगीवर बोटाने टिचकी मारून तिचा आवाज ठरवत नाहीत. ट्यूब ॲम्पलाही तोच न्याय लाव.

आता वॅटचा हिशोब, कारण तुझ्या बँडमधली पोरं त्यातच फसली आहेत. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. २० आणि ४० मधला फरक एवढाच. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५ वॅटच्या दुप्पट मोठं ऐकू यायचं तर ५० वॅट पाहिजेत! त्याउलट स्पीकरकडे बघ. एका वॅटवर एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो हे त्याच्या माहितीच्या कागदावर लिहिलेलं असतं. ९७ वाला स्पीकर काढून १०० वाला बसवला की ॲम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखं होतं, आणि व्हॉल्व्ह तेवढेच राहतात. हे कुणी सांगत नाही, कारण डब्यावर वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात.

मोठे ॲम्प आले कुठून, हेही माहीत असू दे. लंडनमध्ये ड्रम शिकवणाऱ्या आणि दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ मध्ये फेंडर बासमनच्या सर्किटवरून आपला पहिला ॲम्प बाजारात आणला. पुढे तीन वर्षांतच 'द हू' बँडने जास्त आवाज मागितला आणि १०० वॅटचा मार्शल तयार झाला. कारण त्या काळात पीए (हॉलभर आवाज पोचवणारी स्पीकरची यंत्रणा) फक्त गाणाऱ्यांसाठी असायचं. गिटारला स्वतःच्या जोरावर हॉल भरावा लागायचा. आज हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला साउंडवाला हजारो वॅट घेऊन उभा असतो. त्याच्याकडे श्युअरचा एसएम५७ किंवा तसलाच माइक असतो. तो ॲम्पच्या जाळीला चिकटवून ठेवायला सांग, पाच वॅटसुद्धा मागच्या रांगेपर्यंत जातील. १९६६ मध्ये गिटारवाला एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या बँडबरोबर स्टुडिओत गेला तेव्हा मार्शलचा कॉम्बोच (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेऊन गेला, आणि स्टेजवर लावतो तेवढ्याच आवाजात लावणार म्हणून अडून बसला. रेकॉर्डिंगवाल्यांना माइक लांब न्यावा लागला असेल, पण त्या आवाजामागे अख्खी पिढी लागली. त्याचा हट्ट व्हॉल्यूम उघडण्याचा होता. लेड झेपलिन बँडचा पहिला अल्बम त्यांच्या गिटारवाल्या जिमी पेजने छोट्या सुप्रो कॉम्बोवर वाजवला.

मी हे आज पुस्तकं वाचून बोलत नाही. आमचा बँड होता तेव्हा सोलापुरात ट्यूब गिटार ॲम्प विकत मिळत नव्हता. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांनी मला जुन्या सामानातून ॲम्प बनवून दिला. दोन ईएल८४. मागाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, पेटी साखर पेठेतल्या सुताराने केली. तोच, ज्याच्यावर तू वाजवलंस. पुढे आमच्या बँडला एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि पोरांनी ठरवलं की भाड्याने १०० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प आणायचा, स्टेजवर दिसायला पाहिजे. मी म्हटलं माझा हाच राहील, पुढे माइक लावा. वाद झाला. ड्रमवाला माझा शाळेपासूनचा मित्र, तोही त्यांच्या बाजूने बोलला. मी गेलो नाही. त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला आणि नंतर तोच कायम झाला. मी ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरलं, लग्नात, गणपतीत, आणि घरी येऊन हाच ॲम्प सातवर ठेवून वाजवत राहिलो.

लोक म्हणतात एवढ्याशा गोष्टीवरून बँड सोडला. एवढीशी नव्हती. माझ्या हाताचा जो आवाज होता तो त्या ॲम्पमध्येच होता, दुसऱ्या डब्यातून तो निघाला नसता. त्या दिवशी मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन. दुःख आहे ते मित्राचं. तो गेल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं, आणि त्याच्या ड्रमबरोबर तो ॲम्प पूर्ण उघडून वाजवायचं राहून गेलं. तुझा बँड चांगला आहे. ॲम्पवरून त्यांच्याशी भांडू नकोस, पण ॲम्प मात्र तुझ्या कानाने घे.

असो. आता नावं घेऊन सांगतो.

तुला ड्रमबरोबर सराव करायचा आहे, म्हणून वरची हद्द १५ ते २० वॅट. त्यापेक्षा मोठ्या ॲम्पवर नजरही टाकू नकोस. फेंडरचा ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा, दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर, खरा स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणारा). सुंदर आहे, पण त्याला इफेक्ट्स लूप (दोन टप्प्यांच्या मध्ये पेडल जोडायची जागा) नाही, आणि दणकट रॉक हवा असेल तर ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल लागेलच. व्हॉक्स एसी१५ उघडला की त्याच्या वरच्या स्वरांना तोड नाही. मात्र वीस किलोच्या वर वजन आहे आणि तुमचा जिना मी चढलोय. मार्शल डीएसएल२० कॉम्बोत दोन ईएल३४, दोन चॅनल, लूप, आणि २० वरून १० वॅटवर आणायचा स्विच. त्याच मालिकेतला ५ वॅटचा, दहा इंची स्पीकरचा, अर्ध्या वॅटपर्यंत खाली येतो. ब्युगेराचा व्ही५ सगळ्यात खिशाला परवडणारा, ५, १ आणि ०.१ वॅट अशा तीन पायऱ्या. पण स्पीकर आठ इंची, ड्रमसमोर दमतो.

माझं मत लेनी कंपनीच्या कब या बारा इंची ॲम्पवर आहे. १५ वॅट, दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर, आणि पुढच्या पट्टीवर एक वॅटपेक्षा कमीचं वेगळं इनपुट. घरी त्या इनपुटला केबल लाव, कारखान्यात सुट्टीच्या दिवशी ड्रमबरोबर १५ च्या इनपुटला लाव. दोन्हीकडे व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे जाईल. दिसायला साधा आहे, पोरं नावं ठेवतील. ठेवू देत. पैसे उरले तर नंतर स्पीकर बदल.

सोलापूरच्या गोष्टी दुकानदार सांगणार नाही, त्या माझ्याकडून ऐक. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलेलं असलं तरच घे. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा ॲम्प कितीही स्वस्त मिळाला तरी नको. वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि फक्त ६० हर्ट्झ धरून बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. तुमच्या लाइनवर माग चालू-बंद झाले की व्होल्टेज वरखाली होतो, म्हणून चांगला स्टॅबिलायझर आधी घे, पेडल नंतर. कारखान्यात ॲम्प ठेवू नकोस. सुताचा बारीक भुगा व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये आणि बटणांमध्ये जातो, मग खरखर सुरू होते. वाजवून झाल्यावर लगेच चादर टाकू नकोस, आपल्या मे महिन्यात तर मुळीच नको; पूर्ण थंड होऊ दे. स्पीकरची वायर काढलेली असताना ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि मागची पाटी उघडायची नाही. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. व्हॉल्व्ह बदलायचे झाले तर माझ्याकडे ये. काही ॲम्पमध्ये नवीन पॉवर व्हॉल्व्ह घातल्यावर बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते) लावावा लागतो, ते तू एकटीने करायचं काम नाही.

पुण्याला आपण रविवारी जाऊ. मी मित्राच्या पोराला सांगून ठेवलंय, त्याच्या दुकानात कब आणि डीएसएल२० दोन्ही आहेत. दुकानातली गिटार घ्यायची नाही, तुझीच आण. पेडल एकही आणू नकोस. दुकानदार ॲम्प दोनवर लावून देईल आणि "मॅडम, बघा" म्हणेल. तू त्याला विचारून, परवानगी घेऊन, बटण सहावर ने, आणि रोज सरावाला वाजवतेस तीच कॉर्ड वाजव. मग गिटारचं बटण मागे घे आणि परत वाजव. व्हॉल्व्हच्या बाजूच्या पेटीवर बोटाने हलकं ठोकून घंटेसारखा आवाज येतो का ते मी बघतो, तू फक्त ऐक. दोन्हींवर अर्धा तास. त्या सेकंडहँडवाल्याला आजच फोन करून नाही म्हणून कळव, त्याला ताटकळत ठेवू नकोस.

हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं मी काढतो. येताना ॲम्प पार्सलात द्यायचा नाही, सीटपाशी ठेवू, म्हणून दादालाही बरोबर घे. केबल दोन आण.

तुझा,
काका