विदर्भातले लोकही मराठीच बोलतात, मग त्यांना वेगळं राज्य कशाला हवं?

मी पवनीचा, भंडारा जिल्ह्यातला. पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली. नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की हा प्रश्न ऑफिसात कोणीतरी विचारतोच.

भाषेचा मुद्दा खरा आहे, 1960 साली निकाल त्यावरच लागला. पण त्याआधी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, रायपूर-जबलपूरचा कारभार तिथून चालायचा. 1955 साली राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य करा, अशी शिफारसही केली होती. ती बाजूला पडली. हाती राहिला विदर्भाला महाराष्ट्रात आणणारा 1953 चा नागपूर करार आणि वर्षातून एक नागपूरचं अधिवेशन. पुढे 2000 साली छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, आणि नागपूर उपराजधानीच राहिलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे अजून सलतं.

बाकीचं नकाशात पाहा. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई हजाराच्या पलीकडे. चंद्रपुरात कोळसा निघतो, 2920 मेगावॉटचं वीजकेंद्र चालतं. वीज राज्यभर जाते, राख आणि ऊन तिथेच राहतं.

माझ्यापुरतं दुखणं आमच्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं. 1988 साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा मी चौथीत होतो. अंदाजपत्रक 372 कोटींचं होतं, भिजवायची होती अडीच लाख हेक्टर जमीन. तीन दशकं उलटली, खर्च हजारो कोटींत गेला, तरी कालव्यांची कामं चालूच. काकांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आजही गावच्या तलावावर पिकते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांपैकी तो एक. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यावर हे तलाव सरकारजमा झाले, गाळाने भरले, आणि कागदोपत्री त्यांचं नाव पडलं 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. दांडेकर समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष, म्हणजे मागास भागांच्या विकासातली तूट, 3186 कोटींचा काढला, तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

म्हणजे राग खोटा नाही. कॉलेजात असताना मीही घोषणा दिल्यात.

फक्त 'विदर्भ' म्हणून एकच एक काही आहे का, याबद्दल आता माझा घोळ होतो. पश्चिमेकडच्या वऱ्हाडात काळी माती, कापूस, सोयाबीन. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीही खारट, आणि ती नदी वाहते पश्चिमेला, तापीकडे. आमची वैनगंगा दक्षिणेला जाऊन प्राणहिता होते, गोदावरीला मिळते. आमच्याकडे धान, जंगल, झाडीबोली. माझा अकोल्याचा रूममेट म्हणायचा, "मुंबईचं राज्य गेलं अन् नागपूरचं आलं, तर आमच्या वऱ्हाडाले काय फरक पडून राहिला बे?" मी तेव्हा त्याच्याशी तावातावाने भांडलो होतो.

मग गोसीत पाणी अडलं आणि त्याचं म्हणणं वेगळ्याच वाटेने माझ्या गावापर्यंत पोचलं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत जातं, तिथून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत. पूर्वी ते निदान वाहून तरी जायचं, आता आमच्या जलाशयात येऊन थांबतं. म्हणजे धरणासाठी जमिनी गेल्या आमच्या भागातल्या, आणि त्यात घाण येते उपराजधानीची. यात पश्चिम महाराष्ट्राचा काहीही हात नाही.

तेव्हा उद्या कौल घेतलाच तर मी बहुतेक वेगळ्या राज्याच्याच बाजूने मत देईन, पण कारण साधं आहे. या पाण्याची तक्रार घेऊन मंत्रालयात जायचं तर आज पवनीहून नागपूर आणि तिथून रात्रभराची रेल्वे. राज्य वेगळं झालं, तर ज्यांचं सांडपाणी आहे त्या नागपूरच्याच दारात एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल.