2 मीटरच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ग्लायडरला व्ही-टेल (V आकाराची दोन तिरपी पाती) लावू की साधी शेपटी (एक आडवी, एक उभी)? आकार किती ठेवू, एअरफॉइल (पात्याच्या छेदाचा आकार) कोणती?

साधी लावा. व्ही-टेलने ड्रॅग (हवेचा अवरोध) कमी होतो आणि वजन वाचतं असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. नेमकं हेच मी गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत मावसभावाच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

हा मावसभाऊ, म्हणजे दादा, मोल्ड डिझाइन करतो. हात असा की त्याने कापलेल्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) रिब एकावर एक ठेवल्या तर कड कुठे नखाला लागत नाही. पंख आम्ही दोघांनी मिळून केला: 2 मीटर, पॉलिहेड्रल (टोकांकडे टप्प्याटप्प्याने वर वळलेला), सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी) 20 सेंमी, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, वळवणारी हलती पाती) नाहीत. पंख तीन तुकड्यांत सुटतो, म्हणून पेटी मीटरभराची. सीएसएमटीहून कर्जत लोकलच्या लगेज डब्यात ती उभी मावते. वाद सुरू झाला तो बूमवरून, म्हणजे शेपटी धरणाऱ्या मागच्या दांडीवरून. मला पंखापासून शेपटीपर्यंत 80 सेंमी हवे होते, पण तेवढी फ्यूजलाज (धड) पेटीत मावेना. दादाने बूम कापली, 60 वर आणली, वर व्ही-टेल बसवली आणि म्हणाला, "दोन पात्यांत तिघांचं काम होतंय, अजून काय हवं तुला?"

टेल व्हॉल्यूम म्हणजे शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड; फिनला (उभ्या शेपटीला) कॉर्डऐवजी पंखाची लांबी. आडव्या शेपटीला 0.4 धरला तर 4000 चौ. सेंमी पंखाला 80 सेंमी अंतरावर 400 चौ. सेंमी लागतात. फिनला 0.025 धरला तर 250. आता व्ही-टेल. बहुतेक जण करतात तेच दादाने केलं: वरून पाहिलं की 400 दिसावेत, बाजूने 250, म्हणजे दोन पाती मिळून साधारण 470. हे चूक आहे. ग्लायडरचा कोन बदलला की तिरप्या पात्याला त्या बदलाचा, पात्याच्या तिरकेपणाच्या कोसाइनपटच, भाग जाणवतो, आणि त्यातून जे बल तयार होतं त्याचाही पुन्हा कोसाइनपटच भाग उभ्या दिशेने कामी येतो. म्हणून हिशेबात कोसाइनचा वर्ग येतो, फिनच्या कामाला साइनचा; दोन्ही वर्गांची बेरीज एक, म्हणून दोन्ही पात्यांचं क्षेत्रफळ मिळून निघतं 400 अधिक 250, म्हणजे पूर्ण 650. दोन पात्यांमधला कोन सुमारे 103 अंश. NACA या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेच्या 1945 सालच्या 823 क्रमांकाच्या अहवालात पर्सर आणि कॅम्पबेल यांनी हे विंड टनेलच्या मोजमापांनी पडताळून दाखवलंय. क्षेत्रफळ वाचतच नाही, मग ड्रॅग कमी होणार कुठून? वाचतो तो एक सांधा.

त्यात बूम 60 ची. तेवढ्या अंतरावर साडेआठशेच्या वर लागले असते, आणि होते 470.

कर्जतच्या पुढच्या माळावर दुपारचा पश्चिमेचा वारा होता. बंजीवर (ताणलेल्या रबरी दोरीवर) चढतानाच शेपूट डावी-उजवीकडे झुलायला लागली. वर सुटल्यावर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) वळवायला रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं पातं) दिला की नाक हव्या त्या जागेच्या पुढे जायचं, आतला पंख खाली पडायचा, मग सगळं उलट फिरून परत यायचं. घिरटी अशी लागेचना. दादा म्हणाला, सीजी (गुरुत्वमध्य) पुढे घे, शांत होईल. शिसं घातलं. वर-खाली डोलणं थोडं कमी झालं, झुलणं तसंच. सीजी सेंटिमीटरभर पुढे गेल्याने 60 सेंमीच्या अंतरात काय फरक पडणार? उलट पुढच्या सीजीमुळे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं पातं) कायम वर धरावा लागला आणि ग्लाइड बिघडला.

मग त्याच पंखाला मी माझी शेपटी लावली. साधी, 400 आणि 250, अंतर 80. बूम दोन तुकड्यांत: आत दहा सेंमीची घट्ट बसणारी कार्बन नळी आणि फिरू नये म्हणून एक नायलॉनचा स्क्रू. पेटीत आरामात मावते. त्याच माळावर, तसल्याच वाऱ्यात ग्लायडर रेघ मारल्यासारखा सरळ चढला. दादाने तो पूर्ण वेळ पाहिला आणि म्हणाला, आज वारा कमी होता.

म्हणून तुम्हालाही सांगतो, लांबीत कंजूषी करू नका. शेपटीची जोर लावण्याची ताकद अंतराच्या पटीत वाढते, पण डोलणं थोपवण्याची ताकद अंतराच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे टेल व्हॉल्यूम तेवढाच असला तरी लांब बूमवरची शेपटी जास्त शांत उडते. प्रवासाची अडचण जोड देऊन सोडवा, बूम कापून नाही.

मात्र शेपटी हलकी हवी. सीजीपासून शेपटी 80 सेंमी मागे आणि शिसं 30 सेंमी पुढे असेल तर मागच्या प्रत्येक 10 ग्रॅमला पुढे जवळजवळ 27 ग्रॅम लागतात. एअरफॉइलचं विचारलंत, तर 2 मीटरला 5 मिमीची हलकी बाल्सा, पुढची कड गोल आणि मागची निमुळती, पुरे.

व्ही-टेल अगदीच टाकाऊ नाही. उंच गवतात उतरायचं असेल तर पाती वर राहतात आणि तुटत नाहीत. लावायचीच असेल तर क्षेत्रफळ बेरजेने काढा. आणि एलेरॉनचा पंख असेल तर फिन 0.02 लाही चालेल. पॉलिहेड्रल कमी ठेवून फिन भलती मोठी केली तर ग्लायडर स्पायरलमध्ये (आवळत खाली जाणाऱ्या गिरकीत) शिरतो.

मुंबईत उडवायच्या आधी पोलिसांचे चालू आदेश बघा. ड्रोनबरोबर रिमोटच्या विमानांवरही बंदी घातलेली असते. आम्ही कर्जतपर्यंत जातो ते त्यासाठीच.