नवीन रिपोर्ट आलेल्या भावासाठी

भाऊ, एचआयव्ही असल्याचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री मलाही घास गेला नव्हता. त्याला अकरा वर्षं झाली. यंदाही डवरणीला बैलांमागं मीच होतो.

पहिलं काम, एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध मिळतं त्या सरकारी केंद्रात, नाव नोंदव. औषध फुकट आहे, २००४ पासून सरकार देते. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, टीएलडी, एकाच गोळीत तीन औषधं. माझी रात्री नऊची. कापूस वेचणीच्या दिवसांत अंग मोडून येतं, जेवता जेवता डोळा लागतो, म्हणून डबी मी पाण्याच्या गुंडाजवळच ठेवतो अन् बायको विचारते, "घेतली का?" लग्नाला गावाला जाताना दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या सोबत घे, एसटीचा काय भरवसा! कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर डॉक्टरला सांग, सोबत घेतलं की आपल्या गोळीचा असर कमी होतो.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात. तो सापडेनासा झाला अन् तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तोवर निरोध वापर, वहिनीची तपासणी कर. खोकला, ताप, वजन उतरणं दिसलं तर थांबू नको, टीबीची तपासणी लगेच कर.

जडीबुटीवाल्याच्या नादी लागून गोळी बंद करू नको, हात जोडून सांगतो. गावात कळेल ही भीती मलाही होती. पण तुझ्या संमतीशिवाय दवाखान्याला ते गावात कुणाला सांगता येत नाही, २०१७ चा कायदा आहे. रात्री जीव घाबरला तर १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, पैसे लागत नाहीत.